स्नो यांचा प्रश्न आणि बिद्रीचे धुराडे

‘दोन संस्कृती’ हा शब्दप्रयोग विज्ञानशिक्षणाच्या चर्चासत्रांत हमखास ऐकू येतो. एका बाजूला साहित्य-कलावाले, दुसऱ्या बाजूला विज्ञानवाले आणि दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, असा त्याचा ढोबळ अर्थ. तो रूढ केला सी. पी. स्नो यांनी. ७ मे १९५९ रोजी केंब्रिज विद्यापीठात त्यांनी ‘रीड व्याख्यान’ दिले. त्याचेच पुढे ‘द टू कल्चर्स अँड द सायंटिफिक रेव्होल्यूशन’ हे छोटेखानी पुस्तक झाले. एका बैठकीत वाचून व्हावे एवढेच ते आहे. तरीही त्याचा उल्लेख करणारे पुष्कळ आणि ते शेवटच्या पानापर्यंत वाचणारे थोडे, अशी त्याची गत झाली आहे.

या पुस्तकाचे परीक्षण करताना आम्ही एक गोष्ट मुद्दाम केली. ते केंब्रिजच्या संदर्भात न वाचता बिद्रीच्या संदर्भात वाचले. बिद्री हे कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यातले, कोल्हापूरहून गारगोटीला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांचे नाव घेतलेला सहकारी साखर कारखाना इथे आहे. भोवती ऊस, हंगामात धुराड्यातून निघणारा धूर, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग आणि जिल्ह्यात आजही पेटणारी गुऱ्हाळे. संस्कृती, विज्ञान आणि आधुनिक जीवन यांच्याविषयीचे मोठे प्रश्न इथे व्याख्यानातून विचारले जात नाहीत, रोजच्या व्यवहारातून विचारले जातात. म्हणून स्नो यांचे म्हणणे इथे कितपत टिकते, हे तपासणे आम्हांला महत्त्वाचे वाटले.

पुस्तक काय म्हणते?

स्नो (१९०५–१९८०) हे शिक्षणाने वैज्ञानिक आणि लेखनाने कादंबरीकार. दुसऱ्या महायुद्धात सरकारी कामासाठी वैज्ञानिकांची निवड करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. दिवसा प्रयोगशाळेतली माणसे आणि संध्याकाळी लेखक मंडळी, अशा दोन्ही गोटांत त्यांची ऊठबस असे. या दोन गोटांत संवाद जवळजवळ नाही आणि ही गोष्ट समाजाला महागात पडणार आहे, हा त्यांचा पहिला मुद्दा. इंग्लंडमधल्या मुलांना फार लवकर एकेका विषयात कोंबले जाते, हे त्याचे एक कारण त्यांनी दाखवले.

पुस्तकातला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे त्यांनी साहित्यिकांना विचारलेला प्रश्न. उष्मागतिकीचा दुसरा नियम कोणाला सांगता येईल का, असे त्यांनी एका सुशिक्षित मेळाव्यात विचारले. कोणालाच उत्तर देता आले नाही. स्नो यांच्या मते हा प्रश्न म्हणजे ‘तुम्ही शेक्सपिअरचे एखादे नाटक वाचले आहे का?’ या प्रश्नाच्या तोडीचा होता. वस्तुमान म्हणजे काय, त्वरण म्हणजे काय, असे विचारले असते तर तो ‘तुम्हांला वाचता येते का?’ या प्रश्नाएवढाच झाला असता, आणि तिथेही बहुतेकजण नापास झाले असते, असे ते पुढे म्हणतात.

दुसरा मुद्दा मात्र चर्चेत हरवला. पुस्तकाचा उत्तरार्ध श्रीमंत आणि गरीब देशांविषयी आहे. गरिबांना उपासमारीतून सोडवण्याचा मार्ग उद्योगीकरणातून जातो, ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांनीच यंत्रांना नाके मुरडावीत हे शोभत नाही, असे स्नो सांगतात. २००० सालापर्यंत ही दरी टिकून राहूच शकणार नाही, अशी त्यांची खात्री होती. व्याख्यानाचे नावच ‘श्रीमंत आणि गरीब’ असे ठेवायचे मनात होते, असे त्यांनी १९६३ सालच्या पुरवणी निबंधात लिहिले. ते नाव ठेवले असते तर पुस्तकाची चर्चा कदाचित योग्य जागी झाली असती.

त्या एका प्रश्नाची परीक्षा

आता स्नो यांचा प्रश्न घेऊन आपण कारखान्याच्या दारात उभे राहू. उष्मागतिकीचा दुसरा नियम अनेक प्रकारे सांगता येतो. त्यातला एक प्रकार असा : उष्णतेचे संपूर्णपणे कामात रूपांतर करणारे यंत्र बनवता येत नाही. काही उष्णता कमी तापमानाच्या ठिकाणी सोडून द्यावीच लागते.

साखर कारखान्यात हा नियम शब्दशः नांदत असतो. उसाचा रस काढल्यावर उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून जास्त दाबाची वाफ तयार होते. ती टर्बाइन फिरवते. टर्बाइन फिरवून बाहेर पडणारी वाफ दाबाने आणि तापमानाने उतरलेली असते. दुसरा नियम सांगतो की ही वाफ टाळता येणार नाही. पण कारखाना ती वाया घालवत नाही. तीच वाफ रस आटवायला वापरतात.

रस आटवण्याची रीत तर आणखी मजेची आहे. समजा, रसात १५ टक्के विद्राव्य घन पदार्थ आहेत आणि तो ६० टक्क्यांपर्यंत आटवायचा आहे. १००० किलो रसात घन पदार्थ १५० किलो. शेवटी पाकाचे वजन २५० किलो राहणार. म्हणजे ७५० किलो पाणी उडवायचे. एकाच भांड्यात हे केले तर ढोबळमानाने तेवढीच, म्हणजे ७५० किलो वाफ लागेल. कारखान्यात चार किंवा पाच भांडी ओळीने जोडतात. पहिल्या भांड्यातल्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून तिथला रस कमी तापमानाला उकळतो. शेवटच्या भांड्यात निर्वात केल्यामुळे तो सुमारे ५५ अंश सेल्सिअसला उकळतो. एका किलो वाफेत साधारण चार किलो पाणी उडते. ७५० किलोंचे काम १९० किलोंच्या आसपास भागते. उष्णता जवळजवळ तेवढीच राहते, पण प्रत्येक पायरीला तिची पत उतरत जाते. दुसरा नियम म्हणतात तो हाच.

आता पाहा. स्नो यांचा प्रश्न केंब्रिजच्या साहित्यिकांना अडचणीत टाकत होता. आपल्याकडे तो विज्ञान शाखेच्याच विद्यार्थ्याला अडचणीत टाकील, असे आम्हांला वाटते. बारावीच्या विद्यार्थ्याला हा नियम येतो. तो त्याची व्याख्या लिहितो, कार्नो यंत्राची आकृती काढतो आणि गुण मिळवतो. परंतु धुराड्याखाली तोच नियम चालू आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. दुसरीकडे, बॉयलरवर काम करणाऱ्याला उतरलेली वाफ कुठे वळवायची हे अचूक ठाऊक असते, पण त्याला त्या नियमाचे नाव माहीत नसते. दोघांपैकी सुसंस्कृत कोण? स्नो यांच्या कसोटीप्रमाणे पहिला. आमच्या मते दोघेही अर्धे.

इथे स्नो यांच्या मांडणीतला मूळ दोष दिसतो. त्यांनी विज्ञानाची तुलना शेक्सपिअरशी केली खरी, पण दोन्हींकडे माहितीचा ऐवज म्हणूनच पाहिले. नियम सांगता येणे म्हणजे विज्ञान येणे नव्हे, जसे नाटकाचे कथानक सांगता येणे म्हणजे नाटक वाचणे नव्हे. १९६३ च्या निबंधात त्यांनी कसोटी बदलली आणि दुसऱ्या नियमाऐवजी रेणवीय जीवशास्त्राचे नाव सुचवले. प्रश्नाचा विषय बदलला, प्रश्नाची जात तीच राहिली.

गुळव्याची गोळी

गुऱ्हाळात गेलो तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. चुलवाणावर काहील, काहिलीत रस, खाली जळणारी चिपाडे. रस तापू लागला की भेंडीच्या खोडाचा चिकट रस आणि थोडा चुना घालतात, मळी वर येते ती काढून टाकतात. पुढचे सगळे गुळव्याच्या हातात असते. पाकाचा रंग, बुडबुड्यांचा आकार, उलथन्यावरून पडणारी तार तो पाहतो. शेवटी थोडा पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का हे बघतो. ती हवी तशी वळली की काहील उतरवून पाक वाफ्यात ओततात. दोन मिनिटे उशीर झाला तर गूळ करपतो, लवकर उतरवला तर ढेप बसत नाही.

पुस्तकांत गुळाचा पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला उतरवावा असे दिलेले असते. यामागचे विज्ञान सोपे आहे. द्रावण जितके दाट, तितका त्याचा उत्कलनबिंदू जास्त. म्हणजे तापमापक इथे खरे तर दाटपणाच मोजत असतो. पण एक अडचण आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोडे अधिक उंचीवर आहे. हवेचा दाब कमी असल्याने तिथे पाणी १०० नव्हे तर ९८ अंशांच्या आसपास उकळते. तोच दाटपणा असलेला पाकही साधारण तेवढाच आधी उकळणार. समुद्रकाठचा आकडा डोळे झाकून पाळला तर पाक जास्त आटेल. गुळव्याची गोळी मात्र दाटपणा थेट तपासते. तिला उंचीचा फरक पडत नाही.

यावरून ‘आपल्या पूर्वजांना सगळे माहीत होते’ असा निष्कर्ष कोणी काढील. तो आम्हांला मुळीच मान्य नाही. गुळव्याला गोळी कळते, पण उंचीमुळे उत्कलनबिंदू का बदलतो हे सांगता येत नाही. म्हणून नवी जात, नवे जळण किंवा नवी काहील आली की त्याला पुन्हा चाचपडावे लागते, आणि त्याचे ज्ञान त्याच्या हाताखालच्या एखाददुसऱ्या माणसापलीकडे पोचत नाही. विज्ञानाची ताकद नेमकी इथे आहे : ते कारण सांगते, ते लिहून ठेवता येते आणि कोणालाही तपासून पाहता येते. आमचे म्हणणे एवढेच की स्नो यांच्या नकाशात गुळव्याला जागाच नाही. त्यांच्या दोन संस्कृती या दोन शिकलेल्या मंडळींच्या संस्कृती आहेत. हाताने जाणणाऱ्यांची तिसरी संस्कृती त्यांना दिसली नाही. आपल्या देशात तर बहुसंख्य माणसे त्याच संस्कृतीतली आहेत, आणि जातिव्यवस्थेने हात आणि पुस्तक यांची फारकत शतकानुशतके पक्की केलेली आहे. केंब्रिजमधली दरी शाळेच्या वेळापत्रकातून आली असेल. आपली दरी त्याहून खोल आहे.

दोन बाजूंचा वाद

स्नो यांच्यावर सर्वांत कडवा हल्ला केला तो समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी, १९६२ साली. त्यांनी स्नो यांच्या कादंबऱ्यांपासून बुद्धीपर्यंत सगळ्याचीच अवहेलना केली. हा भाग वाचताना आजही ओशाळल्यासारखे होते. पण त्या रागात एक खरा प्रश्न होता : राहणीमान वाढले म्हणजे जगणे सुधारले असे धरून चालायचे का? कशासाठी जगायचे, हा प्रश्न कोणता विषय शिकवणार?

हा वाद मुळात जुना. १८८० साली टी. एच. हक्सले यांनी बर्मिंगहॅमला विज्ञानशिक्षणाची बाजू मांडली आणि १८८२ साली मॅथ्यू अर्नोल्ड यांनी त्यांना उत्तर दिले. विशेष म्हणजे त्यानंतर वर्षभरातच, १८८३ साली, महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात ताली-बंधारे बांधून माती-पाणी अडवणे, जनावरांची पैदास सुधारणे, शेतकऱ्यांची प्रदर्शने भरवणे आणि त्यांच्या मुलांना शिक्षण देणे, अशा उपायांची चर्चा आहे. इंग्लंडमधले दोन विद्वान शाळेत लॅटिन शिकवावे की रसायनशास्त्र, यावर बोलत होते. फुले विचारत होते की ज्याच्या श्रमावर ही शाळा चालते, त्याच्यापर्यंत दोन्हींपैकी काय पोचणार? स्नो आणि लीव्हिस यांच्या वादात हा तिसरा प्रश्न कुठेच नाही.

आपल्याकडेही तसाच एक वाद झाला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९८१ साली पी. एन. हक्सर, राजा रामण्णा, पुष्प भार्गव प्रभृतींनी वैज्ञानिक दृष्टिकोनाविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. आशिष नंदी यांनी त्याला प्रतिनिवेदनाने उत्तर दिले आणि विज्ञानाच्या नावाने सत्ता गाजवणाऱ्यांना कोण आवरणार, असा मुद्दा मांडला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पिऊ लागल्याची बातमी पसरली, तेव्हा रांगेत पदवीधर आणि विज्ञानाचे शिक्षकही उभे होते. पृष्ठताण आणि केशाकर्षण त्यांना परीक्षेपुरते ठाऊक होते. चमच्याशी त्याचा संबंध जोडावा, असे त्यांच्या शिक्षणाने त्यांना शिकवले नव्हते. आणि असा संबंध जोडायला लोकांना शिकवण्याची किंमत महाराष्ट्रात काय पडते, हेही आपण पाहिले आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. तेव्हा ‘संस्कृती आणि विज्ञान’ हा विषय वक्तृत्वस्पर्धेपुरता आहे, असे कोणी समजू नये.

भांड्यांमागचा माणूस आणि कोयत्यामागची मुले

रस आटवण्याच्या भांड्यांची ओळ आपण वर पाहिली. ती कोणी शोधली? नॉर्बर्ट रिलियू यांनी. त्यांचा जन्म १८०६ साली अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स येथे झाला. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय वंशाची मुक्त स्त्री. पॅरिसमध्ये ते अभियांत्रिकी शिकले आणि तिथे शिकवलेही. १८४३ साली त्यांनी आपल्या यंत्रणेचे पेटंट घेतले. त्याआधी लुइझियानातल्या मळ्यांवर गुलाम माणसे उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एका कढईतून दुसऱ्या कढईत ओतत. भाजणे नित्याचे. रिलियू यांच्या बंद भांड्यांनी हे काम संपवले, जळण वाचवले आणि साखरही चांगली केली.

पण त्याने गुलामगिरी संपली नाही. ती अमेरिकेत कायद्याने संपायला १८६५ साल उजाडावे लागले, तेही यादवी युद्धानंतर. यंत्र ज्यांच्या मालकीचे होते, ते मळेवाले गुलामांचेही मालक होते. भांड्यांनी कढईजवळचे काम सोपे केले, शेतातली ऊसतोड होती तशीच राहिली.

स्नो यांच्या उत्तरार्धाची तपासणी करायला हे उदाहरण पुरेसे आहे. उद्योगीकरणाशिवाय गरिबी हटणार नाही, हे त्यांचे म्हणणे आम्ही मान्य करतो. पश्चिम महाराष्ट्राचा इतिहास त्याला पुरावा आहे. विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी पुढारी आणि धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ, यांनी मिळून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०–५१ साली त्याचे पहिले गाळप झाले. दोन संस्कृतींचा संवाद म्हणतात तो हाच. कारखान्याचा मालक शेतकरी सभासद असावा, हे उत्तर स्नो यांच्या पुस्तकात नाही आणि लीव्हिस यांच्या रागातही नाही. त्यातून रस्ते, पाणीयोजना, शाळा, महाविद्यालये उभी राहिली. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

मात्र २००० साल उलटून गेले आणि दरी मिटली नाही. ती जागा बदलून बसली. स्नो यांना ती देशादेशांमध्ये दिसली. इथे ती त्याच उसाच्या फडात आहे. एका बाजूला उसाचा सभासद, दुसऱ्या बाजूला तो ऊस तोडणारे जोडपे. हिशेबाच्या भाषेत त्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या सुमाराला बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून ही कुटुंबे उचल घेऊन निघतात आणि हंगाम संपेपर्यंत कारखान्यांच्या आसपास पालांत राहतात. तोडल्यावर उसातली साखर तासागणिक घटत जाते, म्हणून ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा असा प्रयत्न असतो. रसायनशास्त्राच्या या नियमाला तोडणाऱ्याची झोप बांधलेली असते. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशये काढून टाकण्याचे प्रमाण इतके चर्चेत आले की २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. यंत्राने तोडणी हा उपाय आता पुढे येत आहे. त्यातून पाठीवरचे ओझे उतरेल, पण मजुरीचे काय, हा प्रश्न यंत्र सोडवत नाही. तो माणसांनीच सोडवायचा आहे.

आणि मुले? ती आई-बापांबरोबर येतात. गावाकडच्या पटावर नाव असते आणि मूल फडात असते. १९९० च्या दशकात अनेक ठिकाणी साखरशाळा निघाल्या. पुढे गावीच हंगामी वसतिगृहांची सोय करण्याचे प्रयत्न झाले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने अशा मुलाला जवळच्या शाळेत, वर्षाच्या मध्येही, वयाप्रमाणे वर्गात बसण्याचा हक्क दिला. हक्क कागदावरून बाकावर यायला मात्र एका शिक्षकाने पालावर जावे लागते.

गारगोटीचा रस्ता

बिद्रीहून पुढे गेले की गारगोटी लागते. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव या भागात सर्वत्र भेटते. बिद्रीच्या कारखान्याची वसाहत मौनीनगर आणि गारगोटीचे मौनी विद्यापीठ. हे विद्यापीठ उभे करण्यात जे. पी. नाईक यांचा मोठा वाटा होता. नाईक याच जिल्ह्यातले, आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे (जन्म १९०७, निधन १९८१). ग्रामीण मुलाला शेती, तंत्र, शिक्षणशास्त्र आणि समाजशास्त्र एकाच आवारात मिळावे आणि ते भोवतालच्या खेड्यांशी जोडलेले असावे, अशी त्यामागची कल्पना होती.

पुढे १९६४–६६ च्या कोठारी आयोगाचे नाईक हे सदस्य-सचिव होते. शाळेची पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे असावे आणि कार्यानुभव हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, अशा शिफारशी या आयोगाने केल्या. स्नो यांच्या तक्रारीला यापेक्षा चांगले उत्तर त्या काळात कोणी दिले असेल, असे आम्हांला वाटत नाही. विज्ञान आणि साहित्य यांच्यात पूल बांधण्यापुरता हा विचार थांबत नाही. पुस्तक आणि हात यांच्यात तो पूल बांधू पाहतो.

त्याचे काय झाले, हे वाचकांना सांगायला नको. विज्ञान सक्तीचे झाले आणि पाठांतराचे झाले. कार्यानुभव वेळापत्रकात आला, आणि त्या तासाला कागदाची फुले झाली किंवा मैदान साफ झाले. दहावीनंतर शाखा फुटल्या. हुशार तो विज्ञानाला, उरलेला कलेला, ही प्रतवारी पालकांच्या मनात इतकी घट्ट बसली की स्नो यांनाही अचंबा वाटावा. कला, विज्ञान आणि व्यवसाय यांच्यात कठोर भिंती नसाव्यात असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. धोरणे भिंत पाडा म्हणतात, पण त्या भिंतीला हात लावायची वेळ रोज पस्तीस मिनिटांच्या तासात शिक्षकावरच येते.

मग पुस्तक वाचावे का?

अवश्य वाचावे. स्नो यांची भाषा स्वच्छ आहे, कळकळ खरी आहे आणि भुकेचा प्रश्न सुशिक्षितांच्या चर्चेत आणण्याचे धैर्य त्यांच्यात होते. मात्र ते वाचताना तीन दुरुस्त्या मनात ठेवाव्यात. एक, संस्कृती दोनच नाहीत. हाताने जाणणाऱ्यांची संस्कृती मोजली नाही तर आपला हिशेब चुकतो. दोन, विज्ञान येणे म्हणजे नियम सांगता येणे नव्हे. तो नियम भोवतालच्या जगात ओळखता येणे आणि शंका आली तर तपासून पाहता येणे म्हणजे विज्ञान. तीन, यंत्र श्रम कमी करते, पण त्या कमी झालेल्या श्रमाचा लाभ कोणाला, हे यंत्र ठरवत नाही. तो प्रश्न इतिहास, साहित्य आणि नागरिकशास्त्राच्या तासाला विचारावा लागतो. लीव्हिस यांचा आग्रह इथे उपयोगी पडतो.

शिक्षकांना यातले बरेच काही एका हंगामात करून पाहता येईल. नववी-दहावीच्या मुलांना गुऱ्हाळावर न्यावे. सोबत २०० अंशांपर्यंतचा तापमापक असावा आणि काहिलीजवळचे काम मोठ्यांनीच करावे. गुळव्या काहील उतरवतो त्या क्षणाचे तापमान तीन-चार काहिलींसाठी नोंदवावे. आपल्या गावात साधे पाणी किती अंशांना उकळते तेही मोजावे आणि पुस्तकातल्या ११८ शी ताडून पाहावे. आकडा जुळला नाही तर का, यावर वर्गात वाद होऊ द्यावा. मराठीच्या तासाला गुळव्याच्या बोलण्यातले शब्द गोळा करावेत. पाकाच्या अवस्थांना त्याच्याकडे किती नावे आहेत, हे पाहून मुलेच चकित होतील. इतिहासाच्या तासाला रिलियू यांची गोष्ट सांगावी.

आणि हे सगळे चालू असताना पालावरचे एखादे मूल वर्गात येऊन बसले असेल, तर त्याला मागच्या बाकावर गप्प बसवू नये. ऊस कुठे धरायचा, बुडख्याला किती खाली तोडायचा, मोळी कशी बांधायची, हे त्या वर्गात कदाचित त्यालाच सर्वांत चांगले ठाऊक असेल. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त का असते, हा प्रश्न त्याच्या उत्तरापासून सुरू करता येतो. हंगाम संपून ते गावी परतेल तेव्हा त्याच्या हातात दाखला असावा आणि वहीत त्या प्रश्नाचे उत्तर असावे.